नकाशाच्या खालचं पाणी

राजानंद खिल्लारे यांना वाहून जाणारं पाणी बघवत नसे. इतर माणसं ओढ्याकाठी बसली की गाणी म्हणतात, फोटो काढतात. राजानंद बसले की त्यांची नजर दोन्ही काठ मोजायला लागे. दगड कुठे पक्का आहे, सांडवा कुठून काढता येईल, पाणी मागे कुठवर फुगेल, हेच चालू. हिंगोली जिल्ह्यात कृषी खात्यात चौतीस वर्षं मृदसंधारणाचं काम करून, लहानमोठे दोनशे बारा बंधारे घालून ते निवृत्त झाले होते. त्यांच्या पत्नी द्रौपदीबाई म्हणत, "यांना मोरीत आंघोळीला पाठवलं तरी आधी बोळा लावून पाणी अडवतील."

आणि अशा माणसाची एकुलती एक मुलगी जर्मनीत जाऊन काय करत होती? बंधारे फोडत होती.

कीर्तीच्या हुद्द्याचं नाव एका श्वासात म्हणता येत नसे, पण काम समजायला सोपं होतं. बव्हेरिया आणि चेक देशाच्या सीमेवरच्या छोट्या नद्यांमधले जुने, निकामी बांध काढून टाकायचे. म्हणजे मासे वरपर्यंत चढतात, गाळ साचत नाही, पाणी थंड राहतं. हिंगोलीत कुणी विचारलंच तर राजानंद 'पाण्यावर संशोधन करते' एवढंच सांगायचे आणि चटकन पावसाचा विषय काढायचे.

त्या उन्हाळ्यात ते तीन महिन्यांसाठी लेकीकडे आले. द्रौपदीबाईंनी गुडघ्याचं निमित्त करून विमान टाळलं. जावई उज्ज्वल न्युरेम्बर्गला एका मोठ्या कंपनीत इंजिनियर. कीर्ती मात्र सोमवार ते शुक्रवार सीमेजवळच्या गावात, प्रकल्पाच्या केंद्रावर राहायची. "बाबा, तुम्ही इथे आरामात राहा, बाल्कनी आहे," असं उज्ज्वलनं म्हणून पाहिलं. पण तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत बसून समोरच्या इमारतीच्या बाल्कन्या मोजण्यापेक्षा लेकीबरोबर जंगलात गेलेलं काय वाईट, असा विचार करून राजानंदांनी पहिल्याच सोमवारी बॅग उचलली.

केंद्र म्हणजे एक जुनं दगडी घर, मागे शेड, शेडमध्ये माशांच्या टाक्या, आणि घरापासून हाकेच्या अंतरावर ती नदी. कीर्ती तिला नदी म्हणे. राजानंद ओढा म्हणत. आठ फूट रुंद, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पाणी, त्याला नदी कोण म्हणेल? पण ओढा असला तरी त्याचा थाट दोन देशांचा होता. वरच्या डोंगरात, जर्मनीत उगम पावायचा, मग दीड किलोमीटर सीमा बनून वाहायचा, डावा काठ जर्मनी, उजवा काठ चेक, आणि पुढे एका पांढऱ्या दगडी खांबापाशी सीमा सोडून पुरता चेक होऊन जायचा. जर्मन त्याला ग्रेन्झबाख म्हणत, चेक लोक हरानिच्नी. दोन्हीचा अर्थ सीमेचा ओढा. नाव ठेवण्यापुरतं तरी दोन्ही देशांचं एकमत होतं. आणि पुढे हेच पाणी मोठ्या नद्यांना मिळत मिळत एल्बेतून पुन्हा जर्मनीत यायचं.

दुसऱ्याच दिवशी कीर्तीनं त्यांना काठावर पालथं झोपायला लावलं. काचेचा तळ असलेली एक बादली तिनं पाण्यावर टेकवली आणि म्हणाली, "बघा आता."

राजानंदांनी बादलीत डोकं घातलं. तळाच्या खडीत तळहाताएवढ्या काळ्या शिंपल्या अर्ध्या रुतून उभ्या होत्या, प्रवाहाकडे तोंड करून, रांगेत बसलेल्या बायकांसारख्या.

"यातली सगळ्यात लहान किती वर्षांची असेल, सांगा."

"तीन-चार?"

"साठ. मोठ्या आहेत त्या नव्वदच्या आसपास."

राजानंदांनी बादलीतून डोकं बाहेर काढलं. आपल्यापेक्षा वयानं मोठ्या जिवांसमोर आपण पालथे पडलोय, हे त्यांना जरा बरं वाटेना. ते उठून नीट बसले.

मग कीर्तीनं सगळं सांगितलं. या मोत्याच्या शिंपल्या. पूर्वी राजे-रजवाडे यांच्यावर पहारा ठेवायचे. नंतर दोन देशांमध्ये तारांचं कुंपण आलं, चाळीस वर्षं इथे माणूस फिरकला नाही, शेतं नाहीत, खत नाही, कारखाना नाही, म्हणून पाणी स्वच्छ राहिलं आणि या वाचल्या. पण साठ वर्षांत एक नवीन शिंपली इथे वाढली नव्हती. आई ऑगस्टमध्ये धुळीएवढी लाखो पिल्लं पाण्यात सोडते. त्यातलं एखादं ट्राउट माशाच्या कल्ल्यांना जाऊन चिकटलं तर तिथे हिवाळा काढतं, मग खडीत पडतं, आणि खडीतून ताजं पाणी खेळत राहिलं तर जगतं. शेडमधल्या टाक्यांत कीर्तीनं ट्राउट तयार ठेवले होते. पिल्लं गोळा करायची, टाकीत सोडायची, बाकी माशांवर सोपवायचं.

"या सगळ्या आत्ता पोटुशा आहेत, बाबा," ती म्हणाली. "पण त्यांना त्रास झाला, पाणी तापलं, गढूळ झालं, कमी झालं, तर त्या सगळं आधीच टाकून देतात. गेली दोन वर्षं तेच झालं. हे तिसरं आणि शेवटचं. यंदा ऑगस्टमध्ये पिल्लं मिळाली नाहीत तर केंद्र बंद. टाक्या विकतील, आणि यांच्याकडे बघायला कुणी उरणार नाही."

"किती आहेत?"

"एक्केचाळीस."

दोनशे बारा बंधारे घालणाऱ्या माणसाला एक्केचाळीस हा आकडा फारच केविलवाणा वाटला. त्यानं तो मनात घट्ट धरून ठेवला.

जूनच्या मध्यात पाऊस पडायचा थांबला. एक आठवडा, दोन, पाच आठवडे. कीर्ती रोज सकाळी पट्टी घेऊन जायची आणि येऊन फळ्यावर आकडा लिहायची. शिंपल्यांच्या पाठीवर बारा सेंटिमीटर पाणी. मग नऊ. मग सहा. आकडा लिहिला की ती चहा न पिता लॅपटॉप उघडून बसे. राजानंदांना लेकीची पाठ वाचता येत होती. दहावीच्या निकालाच्या आदल्या दिवशी ती अशीच पाठमोरी बसली होती.

"एक छोटासा बांध घातला तर?" त्यांनी एकदा चाचपून पाहिलं. "शिंपल्यांच्या वळणाच्या खाली. हातभर उंच. पाणी यांच्या डोक्यावर टिकेल."

"नाही बाबा."

"सांडवा ठेवू की."

"आल्झो, म्हणजे, ते तसं नसतं, बाबा. त्यांना साठलेलं पाणी चालत नाही. वाहतं लागतं. प्लीज."

राजानंदांना ते पटलं नाही. साठलेलं पाणी चालत नाही म्हणे! वाहायला आधी पाणी तर हवं. पुस्तकातलं पाणी आणि ओढ्यातलं पाणी यांत फरक असतो, हे त्यांनी कित्येक साहेबांना आयुष्यभर नम्रपणे सांगितलं होतं. लेकीला सांगायचं धाडस तेवढं झालं नाही. फोनवर द्रौपदीबाईंना मात्र त्यांनी सगळी हकीकत सांगितली.

"अहो, पोरीनं नाही म्हटलंय ना?" द्रौपदीबाई म्हणाल्या. "मग हात मागं बांधून बसा. तुम्हाला मी ओळखते."

गुरुवारी फळ्यावरचा आकडा चार होता. कीर्ती सकाळी सहालाच बायरॉइटला निघाली. तिथे प्रकल्पाच्या फेरलेंगेरुंगची, म्हणजे मुदतवाढीची, बैठक होती. जाताना तिनं बाबांसाठी पोळ्या करून ठेवल्या होत्या, आणि तिचे डोळे सुजलेले होते. ते डोळे पाहिले नसते तर पुढचं काही घडलं नसतं.

सव्वासहाला राजानंदांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

शेडमध्ये खडीची रिकामी गोणपाटं होती. फावडं होतं. काठावर दगड हवे तेवढे होते. वळणाच्या खाली, पांढऱ्या खांबाच्या जरा अलीकडे, दोन्ही काठ जवळ येत होते. अशी मोक्याची जागा बंधाऱ्याला शोधूनही सापडत नाही. त्यांनी पोती अर्धीच भरली, कारण तोंडापर्यंत भरलेलं पोतं दगडाशी जमवून घेत नाही. पहिला थर आडवा, दुसरा त्यावर असा की सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, मागून चिकणमाती आणि गवताची ढेकळं. सदुसष्ट वर्षांची कंबर तक्रार करत होती, पण हात ऐकत नव्हते. गेल्या नऊ वर्षांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

तळाचा थर झाला तेव्हा ते थांबले. आता नळी.

राजानंदांच्या दोनशे बाराही बंधाऱ्यांमध्ये तळाशी एक नळी असे. खात्यात तिला 'खिल्लारे साहेबांची नळी' म्हणत आणि हसत. पाणी अडवायचं आणि स्वतःच भोक ठेवायचं! वरिष्ठांनी दोनदा अंदाजपत्रकातून ती खोडली, तेव्हा राजानंदांनी स्वतःच्या खर्चानं बसवली. कारण कुणाला सांगितलं नाही. कारण असं होतं, की त्यांच्या गावात नदीचा वरचा पाणवठा गावाचा होता आणि खालचा त्यांच्या वस्तीचा. वरच्यांची धुणी, वरच्यांची गुरं आवरली की मग पाणी निवळेपर्यंत त्यांची आई खाली हंडा घेऊन बसून राही. आणि एका वर्षी वरच्यांनी उसासाठी नदी अडवली तेव्हा खाली निवळायलासुद्धा पाणी उरलं नाही. आई कोरड्या वाळूत हातानं झिरा खोदायची, खड्ड्यात पाणी झिरपायची वाट बघायची, आणि वाटीवाटीनं हंडा भरायची. सहा वर्षांचे राजानंद वाट्या मोजत. एका हंड्याला एकशे तीस.

शेडमध्ये नळीचा एक तुकडा होता. राजानंदांनी तो हातात घेतला. मग त्यांच्या डोळ्यांसमोर कीर्तीच्या खोलीतला नकाशा आला. कित्येक आठवडे ते रोज त्या नकाशासमोर उभे राहत होते. नकाशा हा त्यांचा जीव की प्राण. त्यात ओढा निळा होता, एक्केचाळीस शिंपल्यांचे एक्केचाळीस लाल ठिपके होते, पांढरा खांब होता, आणि खांबाच्या पलीकडे कागद कोरा होता. गाव नाही, विहीर नाही, शेत नाही. खाली कुणीच नव्हतं. आणि इथे तर थेंब न् थेंब हवा होता.

त्यांनी नळी परत जागेवर ठेवली.

दहाला शेवटचं पोतं बसलं. पाणी हळूहळू मागे सरकलं, चढलं, वळणाकडे गेलं. साडेबाराला पट्टी घालून पाहिली. शिंपल्यांच्या पाठीवर एकवीस सेंटिमीटर! राजानंदांनी हातपाय धुतले, स्वच्छ शर्ट घातला, आणि मंत्र्यांच्या हस्ते उद्‌घाटन असावं तसे दारात खुर्ची टाकून बसले.

कीर्तीची गाडी आली. ती उतरतानाच फोनवर बोलत होती, भराभर, जर्मनमध्ये. फोनमधला आवाज एका बाईचा होता आणि घाबरलेला होता.

"गेनाऊ, बरोबर, मी आत्ता बघते." तिनं फोन कानापासून दूर केला. "बाबा, याना आहे, चेक बाजूची माझी कलीग. ती म्हणते खाली पाणीच नाहीये. सकाळी होतं, आता एकदम आटलंय. बीव्हरनं बांध घातला असणार. तुम्हाला कुठे दिसला का हो बीव्हर?"

राजानंद खुर्चीतून उठले. बीव्हर हा दातांनी झाडं पाडून नदी अडवणारा, मांजरापेक्षा बराच मोठा प्राणी आहे, हे त्यांना कीर्तीनंच सांगितलं होतं.

"बीव्हर नाही," ते म्हणाले. "मी आहे."

कीर्ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, खाली छप्पन आहेत."

"काय छप्पन?"

"शिंपल्या. यानाच्या. खांबाच्या पलीकडे."

"नकाशात..."

"तो नकाशा आपल्याकडचा आहे. सीमेपर्यंतच छापतात. पलीकडचा यानाकडे आहे."

उन्हात उघडी पडलेली खडी राजानंदांना न बघताच दिसली. ती खडी त्यांनी लहानपणी पाहिलेली होती.

कीर्ती तोवर धावत वळणाकडे गेली होती. तिनं गुडघाभर पाण्यात उतरून मधल्या पोत्याला हात घातला, तेव्हा मागून असा आवाज आला की ती जागीच थांबली. आयुष्यात बाबा तिच्यावर असे कधी ओरडले नव्हते.

"हात लावू नको! एकदम काढलंस तर मागचा सगळा गाळ त्यांच्या अंगावर जाईल. आधी तहानेनं, मग चिखलानं मारशील." ते धापा टाकत काठावर आले. "तू खाली जा. शेडमधली उरलेली गोणपाटं घे, भिजव, त्यांच्यावर घाल. आपण नव्या सिमेंटवर घालतो तशी. वर बादलीनं पाणी मारत राहा. पाणी मी सोडतो."

ती गोणपाटं घेऊन पळाली.

बांध घालायला पावणेचार तास लागले होते. तो काढायला अडीच लागले. राजानंदांनी आधी डाव्या कोपऱ्यातलं सगळ्यात वरचं एकच पोतं अर्धं सरकवलं. वरचं निवळ पाणी तेवढं पातळ पदरासारखं खाली गेलं. ते थांबले. गाळ हलतो का ते पाहिलं. मग आणखी अर्धं. काठीवर त्यांनी नखानं खुणा केल्या होत्या, दोन बोटं पाणी उतरल्याशिवाय पुढच्या पोत्याला हात नाही. सगळा जीव हातापायांना घाई कर म्हणत होता, आणि ते स्वतःला रोखत होते. मागे साचलेला गाळ त्यांनी फावड्यानं, नाही तर ओंजळीनं, उचलून काठावर टाकला. तळाचं शेवटचं पोतं निघालं तेव्हा पाणी कुठेही गढूळ न होता पूर्वीसारखं वाहायला लागलं होतं. राजानंद तिथेच पाण्यात बसले. ते रडत होते, आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही.

पलीकडच्या काठावर गमबूट घातलेली, पांढऱ्या आखूड केसांची एक बाई येऊन उभी होती. बरोबर कीर्ती. यानानं काठावर नीट रचलेली पोती पाहिली, उचलून टाकलेला गाळ पाहिला, आणि काहीतरी म्हणाली.

"ती म्हणते, बीव्हरपेक्षा काम चांगलं आहे," कीर्ती म्हणाली. तिचा आवाज अजून कोरडाच होता. "आणि म्हणते, बीव्हर असता तर त्याचा बांध काढायला गेनेमिगुंग लागली असती. परवानगी यायला तीन आठवडे. वडिलांच्या बांधासाठी फोरमुलारच नाही, अर्जच नाही, हे नशीब."

"किती गेल्या?" राजानंदांनी विचारलं.

"दोन. आणि चार जणींनी सगळं टाकून दिलं. बाकीच्यांचं आत्ताच सांगता येत नाही. इथल्या एक्केचाळीस ठीक वाटतायत, पण त्यांचंही ऑगस्टमध्येच कळेल."

"ज्या गेल्या, त्या केवढ्या होत्या?"

कीर्तीनं यानाला विचारलं. यानानं खिशातून एक काळी शिंपली काढून वळ्यांवरून बोट फिरवलं. "एक सत्तरची. ही अठ्ठ्याऐंशीची."

राजानंदांची आई आज असती तर अठ्ठ्याऐंशीचीच असती. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आंघोळ करून, शर्ट खोचून, कीर्तीच्या टेबलाशी बसले आणि कागद मागितला. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्यावर एकदाही खुलासा द्यायची वेळ आली नव्हती. कशी देतात हे मात्र त्यांना पाठ होतं.

"बाबा, कुणी मागितला नाहीये खुलासा. मी रिपोर्टमध्ये लिहीन, अनोळखी व्यक्ती म्हणून."

"मी अनोळखी आहे का?"

त्यांनी दीड तास लिहिलं. आणि मग म्हणाले, "याचं जर्मन कर आणि तुझ्या मोठ्या बाईंना दे." मोठ्या बाई म्हणजे प्रकल्पाच्या प्रमुख, फ्राऊ डॉक्टर लिंडनर. कीर्तीनं कंटाळून कागद पुढे ओढला आणि वाचायला लागली.

"विषय: विनापरवानगी बांध घातल्याबाबत खुलासा. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, दिनांक अठरा रोजी सकाळी सव्वासहा ते दहा या वेळेत मी सीमेवरील ओढ्यावर पोत्यांचा बांध घातला. माझ्या मुलीने त्यास स्पष्ट नकार दिला होता. सदर बाबतीत तिचा कोणताही दोष नाही. बांधाच्या तळाशी नळी ठेवण्याची माझी पद्धत आहे. यावेळी ठेवली नाही. कारण खाली कोणी नाही असे नकाशावरून समजलो. वास्तविक ही चूक माझ्याकडून होण्याचे कारण नव्हते. माझ्या गावाच्या सरकारी नकाशातही वरचा पाणवठा दाखवलेला होता आणि आमचा खालचा नव्हता. वरच्यांनी पाणी अडवले त्या वर्षी माझी आई झिऱ्यातून वाटीने हंडा भरत असे. एका हंड्यास एकशे तीस वाट्या लागत. त्या मी मोजलेल्या आहेत. तरी हातून हे घडले. दोन वृद्ध शिंपल्या दगावल्या. त्याबद्दल योग्य ती कारवाई व्हावी. आपला नम्र, रा. बा. खिल्लारे, सेवानिवृत्त."

कीर्ती दुसऱ्यांदा वाचत होती. "आजीचं हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"सांगायचं काय त्यात. तुझ्या घरी नळ होता."

कालपासून ती त्यांच्याशी कामापुरतं बोलत होती. आता तिनं खुर्ची ओढून त्यांच्या जवळ घेतली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. मग झिरा म्हणजे काय, हे जर्मनमध्ये समजावायला तिला तीन वाक्यं लागली.

उत्तर चार दिवसांनी आलं. फ्राऊ डॉक्टर लिंडनरनी खुलाशाच्या खाली हातानं एकच ओळ लिहिली होती. नकाशा दुरुस्त करा.

"कारवाई झाली!" राजानंद चकित होऊन म्हणाले. "चार दिवसांत! माझ्या उभ्या नोकरीत एका कागदावर इतक्या लवकर..."

याना आपला नकाशा घेऊन आली. दोन्ही कागद भिंतीवर वर-खाली चिकटवले तेव्हा सीमेवर निळी रेघ बोटभर सरकलेली निघाली. राजानंदांनी निळ्या पेन्सिलीनं ती जोडून दिली, आणि खालच्या कागदावर एकेक करून चोपन्न लाल ठिपके दिले. दोन ठिपके त्यांनी काळे केले.

पुढचे तीन आठवडे रोज सकाळी ते वळणापाशी न थांबता खाली जात, खांब ओलांडून. पाणी मोजत, कागदावर आकडा लिहीत. यानाशी बोलायला दोघांकडे एकही सामाईक भाषा नव्हती, पण पाणी किती आहे हे बोटांनी दाखवता येतं. ऑगस्ट लागता लागता पाऊस आला, आणि आकडा सहा, अकरा, अठरा असा वर चढला. मुदतवाढीचं मात्र पिल्लांवरच अडलं होतं.

त्यांच्या परतीच्या आदल्या दिवशी सकाळी फोन वाजला. कीर्तीनं ऐकलं, ठेवला, आणि गमबूट न घालताच दाराबाहेर पडली. राजानंद तिच्या मागे निघाले.

यानानं काठावरच सूक्ष्मदर्शक मांडला होता. राजानंदांनी डोळा लावला. थेंबभर पाण्यात इवल्या इवल्या शिंपल्या, शेकड्यांनी, उघडत होत्या आणि मिटत होत्या, उघडत होत्या आणि मिटत होत्या.

"टाळ्या वाजवतायत की गं!"

"मासा शोधतायत, बाबा. धरायला." कीर्ती हसत होती आणि डोळे पुसत होती. "खालच्या पन्नास आणि वरच्या सगळ्या. सगळ्या सुखरूप बाळंत झाल्या."

दोघी बादल्या घेऊन शेडकडे धावल्या. मासे वाट बघत होते. राजानंद मागे राहिले. खालच्या वळणावर काठाला टेकून ते बसले आणि त्यांनी पाण्यात ओंजळ बुडवली.

"बाबा!" कीर्ती लांबून ओरडली. "ते प्यायचं नाही हं!"

तोवर ते प्यायले होते. पाणी गार होतं, आणि निवळ. कुणाची वाट न बघता निवळ. वरून आणखी येत होतं. इथे आईला वाटी लागली नसती, अख्खा हंडा बुडाला असता.